निर्मलाबाईंचा पुढचा शब्द

निर्मलाबाईंच्या पुतणीचा फोन आला तेव्हा मी वडशात माझ्या खोलीत तांदूळ निवडत बसलो होतो. "भाऊ, काकू आज सकाळी..." एवढं बोलून ती अडली आणि माझ्या तोंडून आपसूक निघून गेलं, "गेल्या?" पलीकडून फक्त हुंदका आला. फोन ठेवल्यावर मला स्वतःचीच चीड आली. मरणाची बातमीसुद्धा मी कुणाला पुरती सांगू देत नाही! पण खोड जुनी आहे. अठ्ठावीस वर्षं मी पूर्व विदर्भातल्या, आमच्या झाडीपट्टीच्या नाटकांत प्रॉम्प्टर होतो, म्हणजे विंगेत संहिता घेऊन बसायचं आणि नटांना पुढचं वाक्य हळूच सांगायचं. त्यातली बहुतेक वर्षं माझ्या तोंडचे शब्द निर्मलाबाईंच्या कानात गेले. त्यांना जाऊन आता दीड महिना होतोय. रडून झालं आहे. बोलायचं मात्र राहिलंय, आणि ऐकायला खोलीत कुणी नाही, म्हणून हे लिहितोय.

धानाची कापणी उरकली की आमच्याकडे नाटकांचा हंगाम सुरू होतो. आज सिंदेवाहीकडचं गाव, उद्या आरमोरीकडचं, आणि एकाच नटाच्या डोक्यात पाच-पाच नाटकं. प्रॉम्प्टर नसेल तर एका नाटकातली सासू दुसऱ्या नाटकातल्या सुनेला झापायची. निर्मलाबाई चौथीपर्यंत शिकलेल्या. वाचता यायचं, पण त्यांना ते आवडत नसे. मी वाचायचो, त्या वांगी चिरता चिरता ऐकायच्या. स्टेजवर मी शब्द दिला की त्या लगेच उचलत नसत. एक श्वास धरायच्या, मग असा म्हणायच्या की तो मीच दिलाय हे मलाही खरं वाटू नये. सुरुवातीला मी त्यांना भाव समजावून सांगायला गेलो होतो. त्यांनी मला तिथेच गप्प केलं. "भाऊ, तुमी निस्ता शब्द द्या. रडू माह्याजवळ हाये."

ते त्यांच्याजवळ भरपूर होतं. नवरा लवकर सोडून गेला, मूलबाळ नव्हतं. माझी बायको जाऊनही बरीच वर्षं झाली होती. लोकांनी आमच्याबद्दल काय काय बोलून पाहिलं, पण त्यात काही दम नव्हता. हंगामात रोज एकमेकांच्या कानाशी, आणि हंगाम संपला की त्या चंद्रपूरला पुतणीकडे, मी वडशात... महिनोन्महिने फोनसुद्धा नाही. काय बोलायचं हेच कळायचं नाही. संहितेबाहेर आम्ही दोघंही मुकेच होतो.

गेल्या हंगामाच्या तोंडावर मूल गावात एका राइस मिलच्या रिकाम्या गोदामात दुपारची तालीम चालली होती. बाई घरच्या कर्त्या आईच्या भूमिकेत. मुलाशी भांडण होतं आणि ती म्हणते, "माझ्या घरात माझंच चालेल." त्या म्हणाल्या, "माझ्या घरात..." आणि गप्प. मी शब्द दिला. त्यांनी घेतला नाही. वाटलं, श्वास धरलाय. पुन्हा दिला, जरा मोठ्यानं. मग अख्खं वाक्य दिलं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी घड्याळ पाहिलं, सव्वाबारा झाले होते, आणि करवादलो, "बाई, आज झोप नाई झाली काय?" सगळे हसले. चहाची सुट्टी झाली. मी त्यांना खुर्चीवर बसवलं आणि शेजारी बसून तेच पान कानाशी वाचत राहिलो. वाटलं, पाठांतर सुटलंय, येईल. वीस मिनिटं मी एका आजारी बाईला वाक्य पाठ करायला लावत होतो... मग उजव्या ओठाच्या कोपऱ्यातून चहा ओघळला आणि कप हातातून सुटला.

"लकवा हाये हा!" कुणीतरी ओरडलं. एक जण म्हणाला, जवळच्या गावात कबुतराचं रक्त चोळणारा म्हातारा आहे, त्याच्याकडे न्या. आमच्या पेटीवाल्याचा बाप असल्याच उपचारापायी अंथरुणाला खिळला होता. त्यानं त्या माणसाला बाजूला ढकललं आणि जीपची किल्ली मागितली. "कुठी बी नाई. सीधं चंद्रपूर!"

दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न मलाच केला. कप कधी पडला ते त्यांना नको होतं. शेवटचं नीट बोलणं कधी झालं, ते सांगा म्हणाले. मेंदूतली रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देतात, त्यानंतर फायद्यापेक्षा धोका जास्त. खरं सांगायचं तर माझ्या वीस मिनिटांची मला लाज वाटत होती. कप पडल्याचीच वेळ सांगावी असं क्षणभर मनात आलं. पण सांगितलं, "सव्वाबारा. माझ्या घरात, एवढं बोलल्या होत्या." स्कॅन झाला, रक्तस्राव नव्हता, सलाइनमधून औषध सुरू झालं. मी दाराबाहेर उभा राहून तेच वाक्य मनात म्हणत होतो, जणू आतून कुणी पुढचं म्हणणार होतं.

दुसऱ्या दिवशीचा स्कॅनही चांगला आला तेव्हा तिथल्या एक डॉक्टरबाई छोटी पेटी घेऊन आल्या. अॅक्युपंक्चरच्या, केसासारख्या बारीक सुया त्यांनी बाईंच्या उजव्या हाताला, पायाला लावल्या, पेटीच्या वायरीचे चिमटे अडकवले आणि बटण हलकेच फिरवलं. अंगठा आपोआप उडू लागला. मी घाबरून पुढे झालो. डॉक्टरबाई हसल्या. म्हणाल्या, "गाठीचं काम औषधानं केलंय. हे त्याच्या जोडीला. हाताला जागं व्हायला मदत होईल अशी आशा आहे, हमी मात्र देत नाही." मला तो प्रामाणिकपणा आवडला. आठ-दहा दिवसांत बाईंनी त्या हातानं चादर ओढली. त्या सुयांमुळे की औषधामुळे की त्यांच्या मूळच्या हट्टामुळे, देव जाणे. मी मात्र त्या पेटीला रोज नमस्कार करायचो.

हात हलला, पण शब्द येईनात. समजायचं सगळं, सापडायचं काही नाही. डॉक्टरबाईंनी एक दिवस कंगवा समोर धरला आणि विचारलं, "हे काय?" बाईंचे ओठ हलले, कपाळावर आठी पडली आणि त्यांच्या मागून मी कुजबुजलो, "कंगवा." बाई लगेच म्हणाल्या, "कंगवा." मला कोण आनंद झाला! डॉक्टरबाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मग चमचा. "चमचा," मी पुटपुटलो. "काका, तुम्ही जरा बाहेर बसा," त्या म्हणाल्या. बाहेर येऊन त्यांनी मला समजावलं. शब्द त्यांचा त्यांना शोधू द्या, कितीही वेळ लागो. तुम्ही दिलात तर त्या शोधायचं सोडतील. मी मान डोलावली आणि संध्याकाळी पुन्हा तेच केलं. अडलेलं माणूस समोर दिसत असताना तोंड मिटून बसणं मला कुणी कधी शिकवलंच नव्हतं. आमच्या धंद्यात त्याला पाप म्हणतात.

बाई पुतणीच्या घरी गेल्या. सुया लावायला आठवड्यातून तीनदा दवाखान्यात नेत. मी वडशाहून दर चार दिवसांनी जायचो. एकदा निघताना पुतणी अंगणात आली. चांगली मुलगी, पण सरळ बोलणारी. "भाऊ, राग नका मानू. तुमी असले का काकू बोलतच नाई. तुमच्या तोंडाकडं पाहून राह्यते. तुमी गेले का मंग एक-दोन शब्द बोलते."

राग कसला येणार? खरंच होतं ते. पंचवीसेक वर्षं जी बाई माझ्या शब्दाची वाट बघत आली, ती आताही तेच करत होती. मी तिच्या आणि तिच्या बोलण्याच्या मध्ये बसलो होतो. मी जाणं बंद केलं. दोन महिने. त्या दिवसांबद्दल फार लिहीत नाही. सकाळ व्हायची, मी भात लावायचो, कुणाशी न बोलता संध्याकाळ व्हायची. जुनी संहिता काढून त्यांची वाक्यं मी खोलीत मोठ्यानं म्हणायचो. एक श्वास थांबायचो, आणि पुढे काहीच यायचं नाही. इतका एकटा मी बायको गेली तेव्हाही नव्हतो, हे लिहिताना संकोच वाटतो, पण खरं आहे.

शेवटी पुतणीनंच बोलावलं. "या आता. बरीच बोलते." मी बसमध्ये स्वतःला बजावत गेलो, काही झालं तरी तोंड उघडायचं नाही. बाई खाटेवर टेकून बसल्या होत्या. मला पाहून म्हणाल्या, "आले." मग बऱ्याच वेळानं, "चहा." मग पुतणीकडे हात करून, तोच हात, "हिले... सांगा." प्रत्येक शब्दाआधी तो श्वास होता. मी ओठ मिटून बसलो. गुडघे घट्ट धरून. चार वाजले, माझ्या बसची वेळ झाली, मी उठलो तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "भाऊ, तुमी..."

पुढे काही नाही. ओठ हलत होते. माझ्या जिभेवर तीन शब्द आले, "जा", "या", "जेवले", आणि मी तिन्ही गिळले. खरं तर यातला कुठला, हे मला ठाऊक नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं वाक्य माझ्या हातातल्या कागदावर नव्हतं. बराच वेळ उभा राहिलो. मग म्हणालो, "सावकाश सांगा बाई, पुढच्या खेपेला," आणि निघालो. पाचव्या दिवशी त्या झोपेतच गेल्या.

तेरवीला पंगत उठल्यावर पुतणी माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "भाऊ, तुमी त्या दिवशी गेले ना, त्याच्या मंग काकू बोलली. घंटाभर दाराकडं पाहून राह्यली होती, अन् एकदम म्हणे, राहा. दोनदा म्हणे. 'राहा ना आज.' मी म्हटलं, भाऊ तं गेले, फोन लावू काय? तं नाई म्हणे."

त्या वेळी मी मूलच्या पुढे गेलो होतो. खिडकीशी बसून, आज एकदाही मध्ये बोललो नाही म्हणून स्वतःवर खूश होतो.