चार थेंब जास्त

कारखान्यात सगळे तिला वहिनी म्हणायचे, तेव्हा आपणही वहिनीच म्हणू. कापड रंगवायच्या कारखान्यात चोवीस वर्षं काढलेली बाई. टाकीतून नमुन्याची चिंधी काडीने उचलायची आणि नुसत्या नजरेने सांगायची, "लाल कमी पडलाय, चिमूटभर टाका." आणि अहो, चिमूटभरच कमी असायचा! अशी नजर दुसऱ्या कुणाची नाही, हे मालकही मान्य करायचे. पण मान्य करणं वेगळं आणि खोली देणं वेगळं.

खोली म्हणजे रंगखोली. कुठल्या कापडाला कुठला रंग किती, हे तिथे ठरायचं, तिथेच काट्यावर तोललं जायचं. तिथले जुने साहेब दोन महिन्यांनी निवृत्त होणार होते आणि ती जागा वहिनीला हवी होती. हवी म्हणजे अगदी मनापासून, न लाजता हवी होती.

"माझी ना नाही," मालक म्हणाले. "पण हल्ली माल घेणारे विचारतात, रंगखोलीत रसायनशास्त्र शिकलेलं कोण आहे? तुम्ही कॉलेजचं पहिल्या वर्षाचं रसायनशास्त्र पास होऊन दाखवा, जागा तुमची. नाहीतर मला बाहेरून कुणी पदवीवाला आणावा लागेल."

कॉलेजात सुट्टीमध्ये त्याचा एक वर्ग चालायचा. वर्षभराचा अभ्यास सहा आठवड्यांत कोंबलेला! सकाळी आठ ते एक तास आणि प्रयोग, दर शुक्रवारी परीक्षा. सोमवारी अणू, बुधवारी मोल, शुक्रवारी दोन्हींवर प्रश्न. एक दिवस ताप आला तर अख्खा धडा गेला म्हणून समजा. मालकांनी तेवढे दिवस दुपारची पाळी दिली, ही त्यांची मेहरबानी.

वर्गात बाकीची सगळी अठरा-एकोणीसची पोरं. वहिनी शेहेचाळीसची, बारावी होऊन अठ्ठावीस वर्षं झालेली. पहिल्या दिवशी एका मुलीने अगदी आदबीने विचारलं, "मावशी, कुणाला सोडायला आलात?"

"मलाच सोडायला आलेय," वहिनी म्हणाली आणि पहिल्या बाकावर जाऊन बसली. त्या दिवसापासून ती सगळ्यांची मावशी झाली.

नवरा ट्रकवर, पंधरा-पंधरा दिवस बाहेर. घरात ती आणि सासूबाई. सासूबाईंनीही त्याच कारखान्यात एकतीस वर्षं काढली होती. सुनेला तिथे चिकटवलं त्यांनी, रंगातलं ओ की ठो कळत नव्हतं तेव्हा हाताला धरून शिकवलं त्यांनी. आता गुडघ्यांनी त्यांना घरी बसवलं होतं, तेव्हा अभ्यास घ्यायचं काम आपसूक त्यांच्याकडे आलं. वहिनीने जुन्या खोक्यांचे पुठ्ठे कापले, पुढच्या बाजूला प्रश्न लिहिला, मागच्या बाजूला उत्तर. सकाळच्या चहाबरोबर सासूबाई चष्मा नाकावर ओढून सुरू व्हायच्या.

"मोल म्हणजे काय गं?"

"डझन म्हटलं की बारा, तसं मोल म्हटलं की एक ठरलेला आकडा. सहा दशांश... शून्य..."

"शून्य दोन दोन! आणि पुढे दहाचा तेविसावा घात. कालही इथेच अडकलीस, डोकं कुठे असतं तुझं?"

तिसऱ्या आठवड्यापर्यंत सासूबाई पुठ्ठा न उलटता उत्तरं द्यायला लागल्या. वहिनी वैतागून म्हणाली, "आई, तुम्हीच बसा ना परीक्षेला!"

"बसले असते. पण तुझा वर्ग दुसऱ्या मजल्यावर."

असं रडतखडत लेखी सावरलं. प्रयोगांची मात्र वहिनीला काडीची काळजी नव्हती. जन्म गेला टाक्या ढवळण्यात, चंबू ढवळायला कसली भीती? आणि नेमकं तिथेच घोडं अडलं.

प्रयोग साधा होता. चंबूत आम्ल, त्यात रंग बदलून खूण देणाऱ्या दर्शकाचा एक थेंब. वर उभ्या ब्युरेटमध्ये, म्हणजे मापाच्या खुणा असलेल्या काचेच्या नळीत, अल्कली. तोटी किलकिली करून थेंब थेंब सोडायचा. अगदी फिकट गुलाबी रंग आला आणि अर्धा मिनिट टिकला की थांबायचं आणि आकडा वाचायचा. वहिनीने तीनदा केलं, तिन्ही वेळा चोवीस दशांश नऊ. पोरं बघतच राहिली, कारण त्यांचे तीन आकडे तीन दिशांना पळत होते. खरं उत्तर मात्र निघालं चोवीस दशांश सात.

"तिन्ही सारखी आणि तिन्ही चूक," मॅडम म्हणाल्या. त्या वहिनीपेक्षा पंधरा वर्षांनी लहान, पण नजर तिखट. "पुन्हा करा बरं, मी बघते." त्या शेजारी उभ्या राहिल्या. "हं, हा आला गुलाबी. टिकलाही. आता पुढे चार थेंब का सोडलेत, मावशी?"

"मी सोडले?" वहिनीला खरंच कळलं नव्हतं. मग लक्षात आलं. ओलं कापड नेहमी गडद दिसतं, वाळलं की रंग उतरतो. म्हणून ओला असताना रंग हवा त्याहून चढता ठेवायचा. चोवीस वर्षं तिचा हात हेच करत आला होता. चंबूतला रंग तिला ओला दिसत होता, आणि हात तिला न विचारता चार थेंब वर टाकत होता.

मॅडमना हसू आवरेना. "मावशी, हे वाळत नाही घालायचं हो!"

वहिनीही हसली, पण फार वेळ नाही. प्रयोगाच्या परीक्षेत वेगळं पास व्हावं लागत होतं, आणि ती चार दिवसांवर आली होती. डोक्याला कळलं तरी हाताला कोण सांगणार? दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच.

घरी तिने हे लपवून ठेवलं. ओल्या रंगावर विश्वास ठेवू नकोस, हे तिला सासूबाईंनीच पहिल्या दिवशी सांगितलं होतं ना! पण सुनेचा उतरलेला चेहरा बघून त्यांनी खोदून खोदून विचारलं, आणि शेवटी तिला सांगावंच लागलं. सासूबाईंनी हातातला पुठ्ठा खाली ठेवला.

"म्हणजे माझं शिकवलेलं नडलं."

"तसं नाही हो आई..."

"तसंच आहे. गुळमुळीत बोलू नकोस." त्यांना लागलं होतं, दिसत होतं. मग त्या पुठ्ठे आवरता आवरता म्हणाल्या, "कापडाचं मला कळतं, काचेतलं नाही. तिथे मी सांगितलेलं सोडून दे. मला वाईट नाही वाटणार." वाटत होतं, तरी म्हणाल्या.

परीक्षेच्या दिवशी वहिनी थेंब थेंब सोडत गेली आणि एका थेंबाला चंबू गुलाबी झाला. तिने तोटी बंद केली, दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले आणि मनात आकडे मोजायला लागली. विसाला रंग गेला. आता टाकायचा की नाही? ही आपली जुनी खोड की खरंच कमी आहे? अर्धा मिनिट टिकला नाही, म्हणजे कमी आहे. तिने एक थेंब सोडला, एकच, आणि हात पुन्हा पाठीमागे. तीस झाले. चाळीस झाले. फिकट गुलाबी तसाच राहिला. हात शिवशिवत होते, पण तिने ते सोडले नाहीत.

आठ दिवसांनी निकाल लागला. प्रयोगात पन्नासपैकी चव्वेचाळीस, लेखीत शंभरपैकी सेहेचाळीस. लेखीत पास व्हायला चाळीस लागत होते. मालकांनी कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, "सोमवारपासून रंगखोलीत या."

वहिनी धावतच घरी आली. सासूबाईंनी गुणपत्रिका हातात घेतली, सावकाश वाचली आणि नीट घडी करून मांडीवर ठेवली.

"खोली मिळाली?"

"मिळाली, आई."

"एकतीस वर्षं मी तिच्या दाराशी उभी राहून रंगाच्या मापाची चिठ्ठी घेतली," सासूबाई म्हणाल्या. "आत कधी बोलावलं नाही मला कुणी. काय काय आहे गं आत?"

वहिनी त्यांच्याजवळ खाली बसली. "काटा आहे," ती म्हणाली. "कपाट आहे. टेबल आहे, खुर्ची आहे."

"मग खुर्चीवर बसायचं. पहिल्या दिवशी तू संकोचून उभी राहशील, ओळखते मी तुला. कुणी आलं तरी उठायचं नाही."

"नाही उठणार," वहिनी म्हणाली, आणि सासूबाईंच्या मांडीवर डोकं ठेवून रडली.