गंगव्वाचं चाराबीट

नळदुर्गच्या आमच्या शिवारात चाराबीट पहिल्यांदा लावलं ते सिद्धारामकाकांनी, आणि तेही एका म्हाताऱ्या गाईसाठी. गाव हसलं. आमचा बांधाला बांध, त्यामुळं हसण्याचा पहिला मान माझाच.

गाय म्हणजे गंगव्वा. काकांच्या बायकोनं, शांताक्कानं, तिला वासरापासून वाढवलेली. शांताक्का वारल्यावर घरात काका आणि गोठ्यात गंगव्वा, एवढाच संसार उरला. पुढं गाईचे दात झिजले, कडबा चावेना, हाडं वर आली. एकानं विकायचा सल्ला दिला, तर काका महिनाभर त्याच्याशी बोलले नाहीत.

जनावरांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, बीट बेतानंच द्या, कुट्टीत मिसळून द्या. कार्तिकात बीट तयार झालं तसे काका रोज विळीवर चिरून एकच घमेलं द्यायला लागले. महिनाभरात गाय अशी तुकतुकीत झाली, की हसणाऱ्यांची तोंडं बंद झाली.

मग येळवस, म्हणजे रानात साजरी होणारी वेळा अमावास्या, आली. कडब्याच्या पेंढ्यांनी उभारलेल्या कोपीतली पूजा झाली, भज्जी आणि आंबील झाली. त्या दिवशी रानात आलेल्यानं पोटभर खाऊनच परतायचं, ही आमच्याकडची रीत. काकांनी गंगव्वालाही रीत लावली. तिला बिटाच्या वाफ्यात नेलं आणि स्वतःच्या हातानं एकेक बीट उपटून देत राहिले. मग क्षणभर थबकले, माझ्याकडं बघितलं. मी जेवून आडवा झालो होतो.

"खाऊ द्या की काका, सण हाय," मी म्हणालो. त्या शब्दांची मला आजही लाज वाटते.

सांजच्याला ती बसल्या जागी जबडा हलवत होती. रवंथ करतेय म्हणून काका खुशीत घरी गेले. सकाळी ती उठलीच नाही. डॉक्टर आले तेव्हा तिचे डोळे खोल गेले होते. बीट पोटात आंबलं होतं. काल ती रवंथ करत नव्हती, कळा सोसत दात खात होती, असं त्यांनी सांगितलं. दुपारपर्यंत सगळं संपलं.

खड्डा मीच खणला. काका काठावर बसून तिच्या पाठीवरून हात फिरवत होते.

"कारभारीण गेली तवा म्या हिच्या गळ्यात पडून रडलो," ते म्हणाले. "आता हिच्यासाठी कुनाच्या गळ्यात पडू?"

मी दोन पावलांवर उभा होतो. पुढं व्हायची माझी हिंमत झाली नाही.