लेकीची कामं निस्तरणारी नवसाबाई

नवसाबाईला कुणी विचारलं, ‘दमलीस का गं बाई?’ तर ती फाडकन म्हणायची, ‘मला काय धाड भरलीय दमायला!’ आणि बोलता बोलता जवळच्या ओट्यावर टेकायची. मखमलाबादच्या पुढे तिचा मळा. थोडा झेंडू, थोडी शेवंती, बांधाच्या कडेने मेथी-कोथिंबीर. उजाडायच्या आत फुलं तोडायची, क्रेट भरायचे, रिक्षात टाकून बाजार गाठायचा आणि ऊन चढायच्या आधी माल खपवायचा. नवरा, पुंजाराम, जाऊनही बरीच वर्षं झाली. एवढ्या राबण्याने माणूस दमतंच. पण मळ्यातलं दमणं निराळं, चार घास खाऊन पाठ टेकली की ते उतरतं. नवसाबाईला आतून पोखरलं होतं ते लेकीच्या कामांनी, आणि हे तिने कुणालाच सांगितलेलं नव्हतं.

लेक म्हणजे भाग्यश्री, एकुलती एक. गंगापूर रोडला दिलेली. जावई अमित अंबडच्या कारखान्यात सुपरवायझर, घरात तो, भाग्यश्री आणि त्याची आई वत्सलाबाई. मुलगी बघायला आले तेव्हा वत्सलाबाईंनी सगळे विचारतात तेच विचारलं होतं, “मुलगी कामाला कशी आहे?”

“एक नंबर!” नवसाबाई म्हणाली. “हातात घेतलं की पुरं केल्याबिगर उठत नाय. लय शहाणी हाय माझी पोर.”

आता असं कोण म्हणत नाही? लेकीची आई पाहुण्यांपुढे दुसरं काय बोलणार? पण बाकीच्या आया बोलून मोकळ्या होतात. आमच्या नवसाबाईने ते बोलणं खरं करून दाखवायची जबाबदारी स्वतःच्याच डोक्यावर घेतली. तिथून तिचं मरण सुरू झालं.

भाग्यश्री घरी ब्लाऊज शिवायची. हातात कला अशी की गळ्याचं डिझाइन बघून बाया हरखून जायच्या. नवं कापड समोर आलं की तिला तहानभूक सुचायची नाही. कापायची झोकात, शिवायला घ्यायची झोकात, आणि हातशिलाई, हुक, लटकन असलं बारीकसारीक उरलं की तिचं मन उडालंच. मग ते ब्लाऊज खुर्चीवर आणि मशीनवर दुसरं. कपाट आवरायला काढलं की अर्धे कपडे पलंगावर, आणि बाई गॅलरीत कुंडीतली माती बदलतेय. माती बदलता बदलता आठवलं म्हणून फोन, आणि फोनवर बोलता बोलता गॅसवरची भाजी करपली.

वत्सलाबाई रोज सकाळी देवळात जायच्या आणि भजन आटोपून सावकाश यायच्या. नेमका तोच वेळ नवसाबाईने धरलेला. बाजार उरकला की भाजीची पिशवी घेऊन ती लेकीकडे. बघणाऱ्याला वाटायचं, काय माया आहे बाई आईची! आत आल्यावर पिशवी टाकायची नि पदर खोचायचा. पलंगावरचे कपडे घड्या करून कपाटात, करपलेलं पातेलं घासून पालथं, हुक लावून ब्लाऊज हँगरवर. लाइटबिलाची तारीखसुद्धा तीच लक्षात ठेवायची, मळ्यातली बाई फ्लॅटच्या लाइटबिलाची! वत्सलाबाई परत येईपर्यंत घर लख्ख. त्या शेजारणींना सांगायच्या, “सून जरा विसरभोळी आहे, पण घर कसं ठेवते बघा.” नवसाबाई जिना उतरायची ती कठड्याला धरून.

गेल्या वर्षी तिला चिकुनगुनियाने धरलं. सांधे असे आवळले की तांब्या उचलता येईना. महिनाभर अंथरूण. तिकडे गंगापूर रोडला त्या एका महिन्यात सगळं उघड्यावर पडलं. बिल भरायचं राहिलं आणि वीज तोडली. कुकर गॅसवर विसरून भाग्यश्री दोरा आणायला गेली, दारात धूर बघून शेजारी धावले. कळस म्हणजे, हळदीच्या दिवशी एक नवरी स्वतः ब्लाऊज घ्यायला आली आणि ब्लाऊजला बाही एकच. नवरी जिन्यात रडत बसली. वत्सलाबाई म्हणाल्या, नजर लागली. अमितला काही सुधरेना. धडधाकट बायको महिन्याभरात अशी कशी बदलली?

भाग्यश्रीनेच शेवटी त्याला फोनवरची एक मुलाखत दाखवली. कुणी डॉक्टर एडीएचडीबद्दल, म्हणजे लक्ष एका जागी न टिकण्याच्या विकाराबद्दल बोलत होती, मोठ्या बायकांनाही असतो म्हणत होती. “हे सगळं माझंच वर्णन आहे, अमित.” तो म्हणाला, फोनवर काहीही दाखवतात. पण माणूस वाईट नव्हता. मानसोपचाराच्या डॉक्टरबाईंची वेळ घेऊन तो तिला घेऊन गेला.

डॉक्टरबाईंनी सगळं विचारलं. झोप, थायरॉइड, मन उदास असतं का, घरात ताण आहे का. रक्त तपासलं, त्यात काही निघालं नाही. एडीएचडी रक्तात किंवा मेंदूच्या फोटोत दिसत नाही, तो माणसाच्या आयुष्यात शोधावा लागतो, असं त्यांनी सांगितलं. आणि तिथेच गाडी अडली. एडीएचडी असा मोठेपणी अचानक उगवत नाही, त्याची लक्षणं बाराव्या वर्षाच्या आतच दिसायला लागलेली असतात. आणि अमित तर शपथेवर सांगत होता की हे महिन्याभरातलं आहे. “लहानपणापासून बघितलेलं कुणीतरी हवं,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “आईला घेऊन या.”

अमितचा फोन आला तेव्हा नवसाबाईला भावकीतली एक पोर आठवली. त्या पोरीला फिट यायच्या. ते लग्नानंतर कळलं, आणि ‘लपवून गळ्यात बांधली’ म्हणत सासरच्यांनी पोर आणून सोडली. ती अजून माहेरीच भाकरी थापतेय. जावयासमोर खरं बोललं तर आपल्या भाग्यश्रीचंही तेच होणार, हे नवसाबाईने मनाशी पक्कं धरलं. खरं बोलायचं नाही. मेलं तरी नाही.

दवाखान्यात ती खुर्चीच्या अगदी कडेला बसली. एका बाजूला लेक, एका बाजूला जावई.

“लहानपणी भाग्यश्री कशी होती, आजी?”

“लय शहाणी.”

“शाळेत वस्तू हरवायची? काम अर्धवट टाकायची?”

“छ्या! पोरगी म्हंजी एकदम टापटीप. गुरुजी नाव काढायचे.”

“गप्पा ऐकताना लक्ष दुसरीकडे? एका जागी बसायची का?”

“बसवली तिथं बसायची, मॅडम. असं लेकरू शोधून सापडायचं नाय.”

अमित मान हलवत होता, मी म्हटलं नव्हतं का, अशा थाटात. डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. “मग हा एडीएचडी असावा असं वाटत नाही. आपण दुसऱ्या बाजूने विचार करू. नैराश्याची औषधं काही दिवस देऊन बघू.”

नवसाबाईने सुटकेचा श्वास सोडला आणि लेकीकडे पाहिलं. भाग्यश्रीचा चेहरा विझून गेला होता. ती भांडली नाही की रडली नाही.

“आई म्हणते तर तसंच असेल,” ती म्हणाली. “मला उगाच वाटलं काहीतरी कारण असेल म्हणून. मीच आळशी आहे. द्या तुम्ही गोळ्या.”

नवसाबाईला ते ऐकवेना. लेक वाचवायला म्हणून आपण खोटं बोललो, आणि लेक तर डोळ्यांदेखत खचत चाललीय! आणि ह्या गोळ्या भलत्याच रोगाच्या, हे इथे बसलेल्यांत फक्त आपल्यालाच माहीत आहे. डॉक्टरबाई लिहायला लागल्या तशी ती म्हणाली, “थांबा वो जरा मॅडम. समजा, एखादी पोर लहानपनापासूनच तशी असंल, तर त्यो दोष कुनाचा? आईनं वळन लावलं नाय, असंच ना?”

डॉक्टरबाईंनी लिहिणं थांबवलं. हुशार बाई, त्यांच्या लगेच लक्षात आलं.

“कुणाचाच नाही, आजी. वळण लावण्याचा ह्यात संबंध नाही आणि पोरीच्या आळसाचाही नाही. मेंदूची घडणच जन्मापासून जरा वेगळी असते. बहुतेक वेळा घराण्यातून येतं. लक्ष नसतं असं नाही, लक्ष भरपूर असतं. हवं तिथे लावणं आणि तिथेच टिकवणं जमत नाही. आवडीच्या कामात ती जेवणसुद्धा विसरेल आणि कंटाळ्याच्या कामात पाच मिनिटं बसणार नाही. मुलं दंगा करतात म्हणून लवकर कळतं. मुलींचं पुष्कळदा मनातल्या मनात चालतं, म्हणून सुटून जातं.”

“म्हंजी मोटार चालू हाय, पानी बी लय हाय, पन वाफ्यात वळवायला मानूस नाय.”

“अगदी तसंच.”

मग नवसाबाईने अमितकडे न बघता, टेबलाच्या कडेकडे बघत सगळं सांगितलं. “एक वेणी झाली की ही उठून पळायची, मॅडम. एका वेणीवर शाळेत गेलीय ही! दप्तर घेतलं तर चपला विसरायची, चपला घातल्या तर दप्तर. जुड्या बांधायला बसवली की हातातली मेथी घेऊन विहिरीवर बेडकं बघत बसायची, मेथी सुकून जायची. पाढा म्हनताना मधेच खिडकीतल्या चिमनीशी बोलायची. गुरुजी म्हनायचे, डोकं हाय पन ठिकानावर नाय. म्या मारलं, गोडीनं सांगितलं, अंगारा लावला. मग म्या तिचं समदं करायला लागले. शाळेतलं शिवनकाम रातच्याला मी पुरं करायचे, सकाळी ही न्यायची. लग्नानंतर बी तेच. अमितरावांना वाटलं, ती महिन्याभरात बिघडली. ती नाय बिघडली. मी आजारी व्हते.”

“घरात आणखी कुणी असं होतं?”

“हिचा बाप. अर्ध्या इहिरी खनून ठेवल्या त्या मानसानं. देवमानूस व्हता, पन एक काम धड पुरं केलं नाय. त्याचं बी मीच निस्तरलं.” आणि आयुष्यात पहिल्यांदा नवसाबाई चारचौघांत म्हणाली, “दमले वो आता मी. लय दमले.”

अमित तिच्याकडे बघत होता. “म्हणजे लग्नाच्या वेळी हे सगळं माहीत होतं तुम्हाला, मामी?”

“व्हतं.”

“आणि माझ्या आईला तुम्ही चक्क...”

“व्हय. खोटं बोलले. तिला नका बोलू अमितराव, तिचा काय दोष नाय. मला काय बोलायचं ते बोला.”

अमितने खुर्ची भिंतीकडे वळवली. भाग्यश्री मात्र खुर्चीत ताठ झाली होती. “म्हणजे मी पहिल्यापासूनच अशी आहे?” तिने डॉक्टरबाईंना विचारलं. नंतर आईला विचारलं. नंतर पुन्हा डॉक्टरबाईंना. तिचे डोळे वाहत होते आणि पुसायचं भान नव्हतं.

डॉक्टरबाईंनी तिला नव्याने सगळं विचारलं, शाळेतलं, शिवणाच्या क्लासातलं, आताचं घरातलं. बराच वेळ गेला. शेवटी म्हणाल्या, “हा एडीएचडीच आहे.” मग उपचार समजावून सांगितले. गोळीने हा जात नाही, पण लक्ष धरून ठेवायला मदत होते. डोस हळूहळू ठरवायचा, रक्तदाब नि वजन बघत राहायचं, भूक मेली किंवा झोप उडाली तर लगेच सांगायचं. नुसत्या गोळीवर भागत नाही. समुपदेशनाला यायचं, कामाचे लहान लहान तुकडे करायचे, फोनमध्ये गजर लावायचे, आणि घरच्यांनी टोमणे बंद करायचे. काही दिवस बरे जातील, काही वाईट जातील, लगेच निराश व्हायचं नाही.

“आणि आजी, तुम्ही आता तिची कामं करायची नाहीत. चुकली तरी तिची तिला करू द्या.”

नवसाबाईने नुसती मान डोलावली. “गोळी जेवणाआधी द्यायची की नंतर?” अमितने विचारलं. आवाज अजून कडकच होता, पण विचारलं त्याने. नवसाबाईने तेवढंच ऐकलं आणि डोळे मिटून घेतले. पोर आणून सोडायची असती तर त्याने गोळीचं कशाला विचारलं असतं?

बाहेर आल्यावर तो गाडी काढायला गेला, सासूशी एक शब्द न बोलता. त्याचा राग उतरायला दिवस जाणार होते आणि घरी वत्सलाबाई काय म्हणतील ते तर देवालाच माहीत. नवसाबाईची त्याबद्दल काही तक्रार नव्हती. मायलेकी दवाखान्याच्या पायरीवर उभ्या राहिल्या.

“आई, त्यांना नाही सांगितलंस ते समजू शकते मी,” भाग्यश्री म्हणाली. “पण मला का नाही सांगितलंस?”

“तुला वाईट वाटंल म्हनून गं.”

“लोक वेंधळी म्हणायचे, धांदरट म्हणायचे, त्याचं एवढं नाही लागलं मला. पण तू सगळ्यांना सांगायचीस ना, माझी लेक लहानपणी लय शहाणी होती, ते लागायचं. मला वाटायचं, मी चांगली होते आणि आपल्याच हातांनी स्वतःची माती केली. इतकी वर्षं हेच वाटायचं, आई. तू मागे हुक लावत बसायचीस, आणि मी पुढे बसून स्वतःला शिव्या द्यायचे.”

नवसाबाई पायरीवर बसली. समदं मायेनं केलं गं, असं म्हणायला तिने तोंड उघडलं, पण ते आता तिचं तिलाच पटेना.

“चुकलं गं माझं,” ती म्हणाली.

भाग्यश्री तिच्या शेजारी बसली. अमितने रस्त्यावरून हॉर्न वाजवला, थोड्या वेळाने पुन्हा वाजवला. दोघी काही लवकर उठल्या नाहीत.