पोहणाऱ्या आत्ती

लग्न होऊन कंग्राळीला आले तेव्हा माझी पाण्याशी ओळख होती ती घागरीपुरती. माहेर बेळगावात, खडेबाजारात. परसात आड होता, आणि रहाटानं जेवढं वर यायचं तेवढंच पाणी मी पाहिलेलं. सासरी मात्र गावाबाहेर ओढ्याला आडवा घातलेला मातीचा बांध होता आणि त्याच्यामागं पसरलेलं तळं. बांध काही मोठा नव्हता. तांबड्या मातीचा, पाण्याकडच्या अंगाला दगड बसवलेले, एका टोकाला जादा पाणी जायला सांडवा. पण रविवारी शहरातली हौशी मंडळी टांगे करून तिथं सहलीला येत. त्यांनी एक होडीसुद्धा आणून ठेवली होती. त्यांच्या बायका बांधावर सतरंज्या अंथरून डबे उघडत, आणि आम्ही गावातल्या बायका एका कडेला धुणं धूत असू.

अशाच एका रविवारी शेवाळावरून माझा पाय घसरला. तिथंच खोल होतं. नाकातोंडात पाणी गेलं, लुगडं पायांना गुंडाळलं, आणि वरचा उजेड दिसत असूनही तिकडं जाता येईना, एवढंच आठवतं. होडीतल्या कुणीतरी वल्हं पुढं केलं आणि ते माझ्या हाताला लागलं. काठावर मला पालथं घालून पोटातलं पाणी काढलं ते आत्तींनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी.

दुसऱ्या दिवशी गावचे पाटील आमच्या सोप्यात येऊन बसले. सगळं गाव त्यांना आप्पा म्हणायचं.

"बायकांनी आता तळ्यावर जायचं न्हाय. बांधाखाली ओढ्यात धुवा. उद्या कोण मेलं तर निस्तरायचं कुणी?"

"ओढा उन्हाळ्यात कोरडा पडतोय, आप्पा," आत्ती दाराआडून म्हणाल्या.

"मग घरात धुवा."

"आणि होडी? तीबी बंद करणार काय?"

"होडीचं काय? त्या लोकांना पोहाय येतंय."

 संध्याकाळी भाकरी थापता थापता आत्तींनी मला विचारलं, "पोहाय शिकतीस?"

मला चेष्टा वाटली. मग त्यांनी सांगितलं. त्या खानापूरकडच्या, मलप्रभेच्या काठावरच्या. भावांच्या बरोबरीनं नदी पार करायच्या. लग्न झालं आणि पाण्यात शिरणं सुटलं ते सुटलंच. त्यांचा मुलगा, म्हणजे आमचे हे, एवढे मोठे झाले तरी त्यांनाही आईला पोहता येतं हे ठाऊक नव्हतं.

"कधी बोलला न्हाईत ते?"

"कुणी इचारलं न्हाय."

माणसं शेतावर गेली की दुपारी आम्ही तळ्याच्या लांबच्या कोपऱ्यात जाऊ लागलो. तिथं करंजाच्या झाडांचा आडोसा होता. कासोटा घट्ट आवळून आत्ती माझ्या पाठीला वाळका भोपळा बांधायच्या.  पहिले काही दिवस मी गुडघाभर पाण्यातच रडत उभी राहायची. आत्तींनी मला कधी गोंजारलं नाही, पण सोडलंही नाही. माझ्या हनुवटीखाली हात धरून त्या म्हणायच्या, "अंग सोड. पाण्याशी भांडू नको." मी गटांगळी खाऊन वर आले की एकच शब्द, "परत." आमच्या ह्यांना कुठून तरी कळलं.  परड्यातला मोठा भोपळा मोडायचा नाही, वाळू द्यायचा, असं त्यांनी बजावलं.

गावात कुजबुज झालीच. भोपळ्याशिवाय मला तळ्याच्या मध्यापर्यंत जाऊन येता येऊ लागलं त्या सुमाराला एका दुपारी आप्पा काठावर येऊन उभे राहिले.

"ह्या वयात हे काय चाललंय?"

आत्ती गळ्याएवढ्या पाण्यात होत्या. त्यांनी डोक्यावरचा पदर तेवढा सावरला. "पोहाय येतंय त्यांना तळं मोकळं, असं तुमीच म्हणालाय. मला येतंय. येत्या रविवारी सगळ्यांच्या देखत बांधापासनं पल्याडच्या काठाला जाते. गेले तर बायकांचं धुणं परत हितंच."

"आणि न्हाय जमलं तर?"

"तर पुढच्या रविवारी जाईन."

त्या रविवारी शहरातले आणि गावातले मिळून बांधावर ही गर्दी. मी आत्तींच्या जोडीनं पाण्यात उतरले. अर्ध्याच्या थोडं अलीकडपर्यंत त्या सरळ गेल्या, मग त्यांचा हात जड पडू लागला. तोंड वर धरून त्या धापा टाकत होत्या.

"पाय वळलाय गं," त्या म्हणाल्या.

बुडणाऱ्याच्या पुढ्यात जायचं नाही, मागून धरायचं, हे त्यांनीच शिकवलेलं. मी मागून त्यांच्या काखेत हात घातला. होडी जवळ आली, वल्हं पुढं झालं. आत्तींनी मानेनंच नको म्हटलं. पल्याडचा काठ लांब होता, म्हणून मी त्यांना ओढत मागं बांधाकडे आणलं. कसं आणलं ते आज सांगता येणार नाही. भीती वाटायलाही सवड नव्हती.

बायकांनी आत्तींना धडप्यात गुंडाळलं. आप्पा खाली वाकून म्हणाले, "झालं समाधान?"

"आज न्हाय झालं," आत्ती म्हणाल्या. त्यांचे दात वाजत होते.

आठवडाभर मी त्यांच्या पोटरीला तेल चोळलं. नका जाऊ म्हणून विनवलंही. त्यांनी ऐकून घेतलं आणि रविवारी त्या परत पाण्यात उतरल्या. ह्या खेपेला घाई नव्हती. दमल्या की उताणं पडायचं, नुसते पाय हलवायचे, दम परतला की पालथं व्हायचं. मी हाताच्या अंतरावर होते, पण माझी गरज लागली नाही. पल्याडच्या चिखलात त्यांनी पाय टेकले तेव्हा बांधावर कुणी टाळी वाजवली नाही.  आप्पा त्या दिवशी आलेच नव्हते.

बंदी उठली असं कुणी कधी सांगितलं नाही. सोमवारी आत्ती धुण्याचं गाठोडं घेऊन तळ्यावर गेल्या. दोन घरच्या बायका त्यांच्या मागून आल्या, मंगळवारी आणखी आल्या. पावसाळा सरल्यावर शेजारीण आपल्या दोन्ही पोरींना घेऊन आली. "ह्यांनाबी शिकवा," म्हणाली. धाकटीला आत्तींनी शिकवलं. थोरलीला मी.

पुढं पुढं धुणं संपलं तरी आत्ती लवकर बाहेर येत नसत. कपडे दगडांवर वाळत पडायचे आणि त्या मधोमध उताण्या पडून राहायच्या, कान पाण्यात बुडवून. काठावरून मी कितीही हाका मारल्या तरी त्यांना ऐकू जायच्या नाहीत.