रामहरीची साक्ष

बोरीच्या मैदानावर रामहरी आणि परमेश्वर एकाच संघातून कबड्डी खेळायचे. जिल्ह्याच्या निवड चाचणीत रामहरीनं जास्त गडी बाद केले, पण निवड झाली परमेश्वरची. पुढं परमेश्वर मोठ्या लीगमध्ये गेला, टीव्हीवर दिसू लागला. रामहरी एसटीत कंडक्टर झाला. वेशीतल्या बॅनरवर मांडी थोपटणारा परमेश्वर दिसला की बारा वर्षांनंतरही त्याच्या मनात आग पेटायची. "परमेश्वरभाऊंनी बहिणीला स्कूटी घेतली म्हणं," असं बायको शिवकन्या सहज म्हणाली, तरी त्याला त्या दिवशी जेवण जायचं नाही.

मार्चमध्ये देवगाव फाट्यावर गाडी थांबली होती. रामहरी ढाब्यावर चहा घेत होता. परमेश्वर दोस्तांसोबत भरदुपारी पिऊन आलेला. भाकरीला उशीर झाला म्हणून तो तरातरा उठला आणि चुलीजवळ भाकरी थापणाऱ्या कडूबाईला त्यानं ढकललं. तिचा हात तापल्या तव्यावर पडला.

पोलिसात तक्रार झाली, कबड्डी संघटनेनं चौकशी लावली. ढाब्यावरचे सगळे म्हणाले, आमी काही पाहिलं न्हाई. परमेश्वरचे वडील वैजीनाथ रामहरीच्या दारात आले. "लेकरा, तू गप बसलास तर मिटून जाईल."

"काका, म्या पाहिलं तेच सांगणार."

आवाज शांत होता, पण आत आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या, आणि ते त्याचं त्याला कळत होतं.

परमेश्वरवर दोन वर्षांची बंदी आली. बॅनर उतरला. पट्टी बांधलेली कडूबाई एकदा रामहरीच्याच गाडीत चढली. "तुमी एकटेच खरं बोललात, भाऊ." रामहरीनं मान खाली घालून तिकीट फाडलं. साक्ष देताना त्याच्या डोळ्यांपुढं फक्त परमेश्वर होता.

उन्हाळ्यात परमेश्वर गावी आला. संध्याकाळी रिकाम्या मैदानावर एकटाच चढाईचा सराव करताना रामहरीनं त्याला कुंपणाआडून पाहिलं. कमरेचा तोच झोका, पायाची तीच झेप. रामहरीला वाटलं होतं, हा पडला की आपण निवांत होऊ. पण मनातली आग तशीच होती.

दुसऱ्या दिवशी फाट्यावर तो चहा न घेता सरळ चुलीपाशी गेला.

"हात कसा हाय?"

"बोटं मिटत न्हाईत अजून," कडूबाई म्हणाली. "भाकरी सून थापती."