पहूरला पाठवलेली पिन

माणसांचे चेहरे मी विसरते, नावं तर त्याहून लवकर. पण जळगावच्या त्या दुकानदाराचं बोट मी आजही ओळखेन. जाड, अंगठीत रुतलेलं. त्या बोटाने त्याने माझं ताट काउंटरवरून माझ्याकडे परत ढकललं. ताटात पदराला लावायच्या पितळी पिना होत्या. कुयरीच्या, केळफुलाच्या, कपाशीच्या बोंडाच्या. "घरगुती काम आहे, ताई. गिऱ्हाईक हात लावणार नाही," तो म्हणाला. त्याआधी मात्र त्याने एकेक पिन उलटीपालटी करून, उजेडाकडे धरून पाहिली होती. टाकाऊ वस्तूला कोणी एवढा वेळ देत नाही, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. मी ताट फडक्यात बांधलं आणि धुळ्याची एसटी धरली.

माझे वडील तांबट. पत्रा कापायला, कानस मारायला, झाळ देऊन सांधे जोडायला मी परकरात असतानाच शिकले होते. लग्न होऊन धुळ्याला आले ती वडिलांची एक जुनी ऐरण घेऊन. सासूबाईंना अख्खी गल्ली अक्का म्हणायची, मीही तेच म्हणू लागले. अक्कांनी ऐरण पाहिली, नाक मुरडलं, आणि न्हाणीजवळची जागा मोकळी करून दिली. त्यांच्या दुपारच्या झोपेत ठोकाठोक नको, एवढी एकच अट. त्या काळात सून घरी बसून पितळ ठोकते म्हटल्यावर नातलगांनी काय काय सुनावलं असेल! ते सगळं अक्कांनी परस्पर ऐकून घेतलं, माझ्यापर्यंत येऊ दिलं नाही.

दुकान नको तर नको. बायकांच्या एका मासिकात मी चार ओळींची जाहिरात दिली, की पिना पोस्टाने मागवा. आणि कार्डं यायला लागली. रावेरहून, जामनेरहून, पार नागपूरहून. काड्यापेटीत सरकीचा कापूस घालायचा, त्यात पिन निजवायची, वर फडकं शिवायचं आणि व्हीपीने पाठवून द्यायची. न पाहिलेल्या बायका माझ्या हातची वस्तू खांद्यावर लावतात, या विचाराने मला काम करताना उगीच हसू यायचं. त्यात पहूरची एक बाई माझी फार लाडकी. कधी भेट नाही, पण नवा नमुना निघाला की तिचं कार्ड हजर. तिची पिन मी जरा जास्तच घासायची, चिंचेने दोनदा.

मग जळगावच्या त्या दुकानात माझ्या पिना दिसायला लागल्या. म्हणजे माझ्या नाही, माझ्यासारख्या. तीच कुयरी, तेच बोंड, बोंडाच्या देठाला मी देते तोच बाक. खाली त्याने पाटी लावली होती, 'नकलेपासून सावध'. मी रस्त्यावर उभी राहून ती पाटी दोनदा वाचली. घरी येऊन यजमानांना सांगितलं. ते म्हणाले, जाऊ दे, डिझाइनवर कोणाचं नाव लिहिलेलं असतं का?

पण खरा घाव पुढे बसला. गल्लीतल्या एका हळदीकुंकवात कोणीतरी अक्कांच्या तोंडावर म्हणालं, तुमची सून जळगावच्या शेठचा माल बघून करते म्हणे. अक्का घरी आल्या, ओचा झटकून पाटावर बसल्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "जयगावना शेठनं पाहीसन तू करस म्हनतस. खरं शे का?"

मी नाही म्हटलं. त्यांनी मान हलवली. पण त्या दिवसापासून आल्यागेल्याला माझं ताट दाखवणं त्यांनी बंद केलं. अक्कांना मी चोर वाटते, ही गोष्ट मला जेवताना आठवायची, भांडी घासताना आठवायची. त्या माणसाने माझा धंदा खाल्ला असता तर मी चार शिव्या घालून गप्प बसले असते. त्याने अक्का खाल्ल्या.

त्यानंतर जामनेरकडे एका लग्नाला जाणं झालं. एसटी पहूरवरून जात होती. म्हटलं उतरावं आणि आपल्या लाडक्या गिऱ्हाइकाला बघावं. घर सापडलं. दार उघडायला आलेल्या बाईच्या पदराला साधी सेफ्टी पिन होती. मी कोण ते सांगितल्यावर तिला खूपच आनंद झाला. बसा म्हणाली, चहा टाकला. मी विचारलं, माझ्या पिना कुठे लावता? ती हसून म्हणाली, "मी नाही लावत हो ताई. भावाला लागतात. त्याचं जळगावला दुकान आहे ना, तो म्हणतो नवीन काही निघालं की मागवून घेत जा."

बिचारीला काहीच ठाऊक नव्हतं. मी चहा प्यायले, बशीसुद्धा रिकामी केली. पुढच्या एसटीत खिडकीशी बसले तेव्हा मात्र माझं मन कधी नव्हे इतकं शांत होतं. तो माझी वस्तू हुबेहूब उतरवतो ना? उतरवू दे. आता मी त्याला उतरवायला देईन.

त्या माणसाला एक गोष्ट कळणं शक्यच नव्हतं, कारण त्याने जन्मात कधी साडी नेसली नव्हती. पदर डाव्या खांद्यावरून मागे जातो, त्याचा सगळा ओढा पाठीकडे. म्हणून पिनेच्या मागे टाचणी अडकवायची जी आकडी असते, तिचं तोंड छातीच्या बाजूला ठेवावं लागतं. मग पदर जितका ओढेल तितकी टाचणी आकडीत घट्ट बसते. तोंड पाठीकडे केलं तर तीच टाचणी हळूहळू निसटत बाहेर येते. हातात धरून बघा, काउंटरवर ठेवून बघा, काही कळत नाही. हलक्या साडीवर दिवसभर टिकेलही. शालूचं वजन पडलं की संपलं.

मी मोराची पिन केली. इतकी देखणी पिन मी आधी केली नव्हती, नंतरही नाही. पिसाऱ्यावर एकेक ठिपका टोचताना माझे दात आवळलेले असायचे. बाकी सगळ्यांना गेलेल्या मोरांच्या आकड्या नीट होत्या. पहूरच्या काड्यापेटीतल्या मोराची तेवढी उलटी. शेठसाठी ती पिन मी चिंचेने तीनदा घासली.

लगीनसराईत त्याच्या दुकानात मोरच मोर झाले. लोक सांगायचे आणि मी ऐकायची. मग दुसऱ्या गोष्टी कानावर यायला लागल्या. कुठे व्याहीभेटीत विहीणबाईंचा पदर घसरला, कुठे करवली वरातीत एका हाताने कळशी आणि दुसऱ्या हाताने पदर धरून चालली. त्या बायकांचं वाईट वाटलं का? थोडं वाटलं. पण खोटं कशाला बोलू, गुदगुल्या जास्त झाल्या.

वैशाख संपत आला तेव्हा तो आला. भर दुपारी, घामाघूम, हातात पिशवी. गल्लीतल्या बायका आमच्या ओट्यावर कुरडया वाळत घालत होत्या, अक्का मधोमध बसलेल्या. त्याने पिशवी ओट्यावर उपडी केली. परत आलेल्या मोरांचा ढीग पडला.

"हे काय केलंत ताई? तुमच्या पिनेत खोट आहे. लोक दुकानात येऊन भांडतात," तो म्हणाला.

मी एक मोर उचलला. "ही माझी नाही. तुमच्या दुकानातली आहे."

"अहो, पण नमुना तुमचा ना! तुमच्या पिनेवरूनच तर केल्या सगळ्या."

बोलून गेला आणि मग त्याला कळलं. कुरडया घालणारे हात थांबले. तो घाम पुसायला लागला. तेवढ्यात अक्कांनी कानामागे हात धरला. जात्यात मुंगी चालली तरी ऐकणारी ती बाई म्हणाली, "काय सांगी राहिना तो? माले ऐकू येत नही. जोरमा सांगा, भाऊ."

तो माझ्याकडे बघायला लागला. मी ओट्याच्या कडेला टेकले आणि वाट बघत राहिले.

"नमुना यांचा आहे, असं म्हटलं," तो म्हणाला.

"कोनना?"

"तुमच्या सुनेचा."

"आते ऐकू उनं," अक्का म्हणाल्या आणि पुन्हा कुरडयांकडे वळल्या.

तो अजून उभाच होता. आवाज उतरवून म्हणाला, "ताई, तेवढी आकड्यांची तोंडं फिरवून द्या ना. तुमच्या हाताला काय वेळ लागतो?"

मला खरंच फार वेळ लागला नसता. पकड माझ्या हाताशीच होती. मी ढीग गोळा केला, त्याच्या पिशवीत भरला, आणि एका बोटाने ती पिशवी ओट्यावरून त्याच्याकडे सरकवली.

"नकलेला हात लावायचा नाही, शेठ," मी म्हटलं. "तुमच्याच दुकानात पाटी आहे."