न तपासता म्हटलेलं ‘चालेल’

निवृत्तीनंतर मुंबईहून रत्नागिरीला परत आलो आणि हौसेने एक सॉफ्टवेअर लायब्ररी, म्हणजे प्रोग्रॅमचा तयार संच, लिहायला घेतली. तारखेवरून तिथी काढायची आणि तिथीवरून भरती-ओहोटीच्या वेळा सांगायच्या, एवढंच तिचं काम. दाभोळजवळच्या एका मच्छीमार सोसायटीत माझाच जुना प्रोग्रॅम हे करत होता. तिथल्या कारकून बाई दर पंधरवड्याला वेळांचा कागद छापून फळ्यावर लावत.

नवी लायब्ररी बसवण्याआधी त्यांचा फोन आला.

‘काका, आमचा कॉम्प्युटर म्हातारा आहे. त्याला झेपेल ना?’

त्यावर प्रोग्रॅमिंग भाषेचं कुठलं व्हर्जन आहे, तेही त्यांनी वाचून दाखवलं. बरंच जुनं होतं. मी डायरीत टिपून घेतलं आणि म्हणालो, ‘चालेल.’

मी लिहीत होतो भाषेच्या सगळ्यात नव्या व्हर्जनवर. जुन्यालाही सांभाळून घ्यायचं तर दहा ओळींचं काम पंचवीस ओळींत करावं लागलं असतं आणि प्रत्येक बदल दोन्हीकडे तपासावा लागला असता. मला देखणं काम हवं होतं. या वयातही मागे पडलेलो नाही, हे दाखवायचं होतं. जुन्यावर एकदाही चालवून बघितलं नाही.

बाईंनी मी सांगितल्याप्रमाणे जुना प्रोग्रॅम काढून नवा बसवला. तो उघडेचना. फळा रिकामा राहू नये म्हणून त्या तिथीची पाऊणपट करून खडूने वेळा लिहू लागल्या. अष्टमी, म्हणजे भरती सहाला. घरातल्या म्हाताऱ्यांचा हिशेब.

सोसायटीच्या मीटिंगला मलाही बोलावलं होतं. चेअरमन म्हणाले, ‘बाईंनी कायतरी नको ते दाबलं असणार.’ सगळे माझ्याकडे बघू लागले. मी म्हणालो, ‘सवय नसली की होतं असं.’

बाई नऊ वर्षं तो कॉम्प्युटर चालवत होत्या. माझ्याच सल्ल्याने नवा कॉम्प्युटर आला, तो दुसऱ्या कारकुनाच्या टेबलावर गेला. बाईंकडे आवक-जावक वही आली.

तीन वर्षं मी गप्प बसलो. यंदा डायरीचं ते पान समोर आलं, तेव्हा आधी बाईंच्या घरी गेलो. त्यांनी ऐकून घेतलं, चहा दिला.

‘मला माहीतच होतं, काका. मला काय सांगताय? जिथं बोललात तिथं सांगा.’

परवाच्या मीटिंगमध्ये उभा राहिलो. बाईंनी व्हर्जन आधीच कळवलं होतं, मी न तपासता चालेल म्हणालो, चूक माझी, असं सांगून डायरी पुढे केली.

चेअरमन म्हणाले, ‘जाऊ दे हो, जुनी गोष्ट.’

मागून बाई म्हणाल्या, ‘अजून एक वाक्य राहिलं, काका.’

मी तेही सांगितलं. ‘सवय नसली की होतं असं, हे मी म्हणालो होतो. ते खोटं होतं, आणि म्हणतानाच मला ते माहीत होतं.’

बाईंनी मान डोलावली आणि वहीत पुढचं पत्र चढवायला घेतलं.